विंगेपुरती जागा

सत्कार ठरला तेव्हा वाटलं नव्हतं
की जागेवरून एवढं अडेल.
फोंड्यात हॉल काय कमी आहेत?
लग्नाचे, बारशाचे, सोसायटीच्या वार्षिक सभेचे,
एक तर पेट्रोल पंपाच्या डोक्यावरचा,
वर अंतरपाट धरलेला असतो
आणि खालून कुणीतरी ओरडतं, 'पाचशेचं घाल!'

मी सेक्रेटरी. माझ्याकडे डायरी आणि स्कूटर.
मागच्या सीटवर खजिनदार रोहिदास वेरेकर,
त्याच्याकडे शंका.

पहिला हॉल एसी.
पाचशे खुर्च्या, सगळ्यांना पांढरे झगे,
पाठीवर सोनेरी गाठ.
रोहिदास म्हणाला, आपली माणसं दीडशे.
उरलेल्या साडेतीनशे खुर्च्या
म्हाताऱ्याकडे टक लावून बसतील, त्याचं काय?
मॅनेजर म्हणाला, मागे काळोख करून देतो.
काळोखाचं भाडं वेगळं नव्हतं,
तेवढीच मेहेरबानी.

पणजीचं थिएटर? नको.
बायका टाळ्या वाजवतील
शेवटच्या बसच्या हिशेबाने.

चर्चच्या शाळेचं स्टेज मात्र मला आवडलं.
जुन्या सागवानी फळ्या, चाललं की बोलणाऱ्या.
पण त्या रविवारी तिथे हाऊजी.
फादर सिप्रियान म्हणाले, सत्कार कुणाचा?
प्रॉम्प्टरचा, म्हटलं.
ते हसले. 'पोंतो! म्हणजे पोस्टरवर ज्याचं नाव नसतं, तो.'
मग जरा थांबून:
'हाऊजी पुढे ढकलता आली असती तर...'
पण बक्षिसाचा फ्रीज येऊन पडला होता.

शेवटी सगुण च्यारीलाच विचारायला गेलो.
तो दाराच्या चौकटीला रंधा मारत होता.
आम्ही सगळं सांगितलं: एसी, पार्किंग, जेवणाचा दर,
शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं.
त्याने भुसा फुंकला.
'विंग आसा मगो?'
एवढंच.

परत जाऊन पाहिलं.
नव्या हॉलांना विंगा नाहीतच.
लग्नात कुणाला आत जायचं नसतं,
शब्द विसरलेच तर भटजी असतात.

एक्केचाळीस जत्रा.
पालखी देवळात परतली, खाज्यांची दुकानं अर्धी मिटली,
की रात्री एकला पडदा वर,
आणि हा आत, लाल कागद बांधलेली बॅटरी,
तेलाचे डाग पडलेली वही.
राजा दिवसा टॅक्सी चालवायचा,
संवाद पाठ करायचा सिग्नलवर,
आणि आमच्याकडे सिग्नल तरी किती!
एकदा तो चौथ्या अंकात दोन पानं आधीच मेला.
सगुणने त्याला कुजबुजून उठवला,
'अजून नाही, अजून नाही, प्रधान यायचाय,'
आणि लोक म्हणाले, वा, मरताना काय तडफडला!
पहिल्या रांगेलाही ऐकू जायचं नाही
असं बोलायला किती छाती लागत असेल?

जागा मिळाली ती देवळामागच्या अग्रशाळेत.
भाडं आठशे, वीज गेली तर आपली जबाबदारी.
उजव्या विंगेत मांडवाचे खांब, फुटक्या हंड्या,
आणि चतुर्थीच्या देखाव्यातला मान मोडलेला मोर.
डावी रिकामी.
रोहिदासने ती पावलांनी मोजली.
अडीच.
त्याला पहिल्यांदाच शंका आली नाही.

खुर्ची कुठे ठेवायची, ते अजून ठरलेलं नाही.
मध्यभागी ठेवली तर तो बसणार नाही,
विंगेत ठेवली तर शाल कुठे घालायची?
भाषणं कुणाकडे बघून करायची?
डायरीत तेवढी एक ओळ कोरी आहे.

पावतीवर कारण विचारलं:
लग्न, मुंज, वाढदिवस, इतर.
मी 'इतर'वर खूण केली.

मग कारकून किल्ली शोधत होता तेवढ्यात
आवाज कसा लागतो बघायला
मी स्टेजवर उभा राहिलो आणि म्हणालो,
'उपस्थित रसिकहो, आज आपण...'
पुढचं आठवेना.
सवयीने डावीकडे पाहिलं.